तुझ्या हाताची काजं

आक्का, तू गेल्यावरही पंधरवडाभर तुझ्या नावावर काम येत राहिलं आणि तुझ्या हाताची काजं बाहेर जात राहिली. हे आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. अवघड बोलायची वेळ आली की मला चुलीवरचा भात आठवतो आणि मी उठून जाते. आज उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

लाज वाटते असं म्हणायचीही लाज वाटते. खरी लाज असती तर हातून असं झालं नसतं. तू असतीस तर नाकात तपकिरीची चिमूट सोडून म्हणाली असतीस, लाज वाटून घ्यायला बी सवड लागतीया सुभे, तुला कवा गावली? आणि वर हसली असतीस. तुझं ते हसणं मला कधी आवडलं नाही, कारण ते नेमकं माझ्यावर असायचं.

तुझा नवरा खडेबाजारात एका कापडवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसायचा. तो गेला तेव्हा मशीन कापडवाल्याचं म्हणून दुसऱ्या शिंप्याकडं गेलं, तुझ्याकडं कात्री आणि सुया राहिल्या. पुढं लढाई पेटली. कँपाच्या बाजूला एका कंत्राटदारानं गोदाम घेतलं आणि शिपायांच्या खाकी शर्टांचं काम धरलं. कापणं आणि मशीनवर शिवणं गोदामात व्हायचं. काजं करायची आणि बटणं लावायची ती मात्र बाहेर, बायकांकडून, घरात बसून. कापडावर कंट्रोल होता, त्यामुळं जिला गाठोडं द्यायचं तिच्यासाठी बाजारातल्या कुणीतरी शब्द टाकावा लागे. तुझ्यासाठी त्या कापडवाल्यानं टाकला. गाठोडं दुसऱ्या घरात जाता कामा नये, ही अट. कंत्राटदाराचा माणूस रामाप्पा दर आठवड्याला सायकलवर गाठोडं बांधून तुझ्या दाराशी यायचा, तयार माल घ्यायचा, नवा टाकून जायचा.

तुझी खोली आणि आमचं घर एकाच गल्लीत, एकमेकांना लागून. पाठीमागं दोन्हींचं मिळून एकच परडं. त्या परड्यातून पहिल्यांदा मी आले. मग माझी सासू आली, जिला मी आत्ती म्हणते. मग शेजारची पारूवहिनी आली, तिच्यामागनं आणखी दोघीतिघी. सगळ्या मागल्या दारानं आलो. पुढच्या दारानं कुणीच आलं नाही.

आमचं घर म्हणजे हवालदाराचं घर. मामंजी पलटणीतून परत आले ते मिशा आणि ताठ मान घेऊन, आणि पुढच्या कट्ट्यावर बसून त्यांनी गल्लीची राखण केली. त्यांच्या घरातली सून शिपायाच्या शर्टाला मजुरीनं काजं करते हे त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही आम्ही करत नव्हतो. माझा नवरा कचेरीत कारकून. महागाईत त्याचा पगार कुठं पुरणार? पण त्याला वाटे आईच्या काटकसरीनं घर चाललंय. चार माणसांत तो ते अभिमानानं सांगायचा आणि आत्ती तिथंच बसून मान खाली घालायची. लोकांना वाटे, म्हातारी किती विनयशील.

कंत्राटदाराच्या लेखी आम्ही नव्हतोच. तिथं फक्त तू होतीस, आणि तूही काय होतीस? गोदामातल्या शिंप्यांना निदान बसायला जागा होती, मुकादमाच्या शिव्या होत्या. तू बाहेरची बाई. माल आला तर काम, नाही आला तर नाही. माल का नाही आला असं विचारायची तुला सोय नव्हती, आणि आम्हाला तर तुझ्याकडंच विचारायची सोय. तू दारातनंच हात हलवायचीस, या आठवड्याला न्हाय, आणि आम्ही आपापल्या घरी जाऊन तांदूळ निवडत बसायचो.

आणि तुझा तो डावा हात.

गोदामात माल तपासणारा एक म्हातारा होता. काज बघून बाई ओळखतो अशी त्याची ख्याती. आणि तू डावरी. उजव्या हाताच्या काजाचे टाके एका अंगाला झुकतात, तुझे दुसऱ्या. शेवटचा आडवा टाकाही तुझा उलट्या टोकाला पडायचा. म्हणजे एका गाठोड्यात दोन तऱ्हेची काजं गेली असती तर म्हाताऱ्यानं तिथंच ओळखलं असतं की कापड दुसऱ्या घरात फिरतंय, आणि तुझं काम बंद. त्यावर तू उपाय काढलास तो तूच काढू जाणे. तू आम्हा सगळ्यांना डावरी केलंस.

माझी फजिती आठवते? मी आपली भाबडेपणानं सुई डाव्या हातात धरायला शिकले. बोटं भोसकून घेतली, शर्टावर रक्ताचे ठिपके पाडले, आणि तू माझ्याच थुंकीनं ते पुसायला लावलेस, ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते म्हणून. महिनेच्या महिने गेले तेव्हा कुठं माझी काजं तुझ्यासारखी झाली. मग एक दिवस मी पाहिलं तर पारूवहिनी उजव्याच हातानं शिवत होती. डावीकडून उजवीकडं टाके घेत होती आणि दोऱ्याचा फास उलटा टाकत होती, आणि काज हुबेहूब तुझं. मी तुझ्याकडं बघतच राहिले. तू म्हणालीस, "मी काज माझ्यावानी कर म्हनलं हुतं, हात माझ्यावानी कर म्हनलं हुतं व्हय गं?" त्या दिवशी सगळ्या हसल्या. आत्तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. पण मी डावा हात सोडला नाही. एवढं रक्त सांडून शिकलेलं सोडवत नाही माणसाला.

लहानपणी डाव्या हातानं घास घेतला म्हणून तुझ्या आईनं तुला चुलीतल्या लाकडानं मारलं होतं, हे तू मला तेव्हा सांगितलंस. जेवायला उजवा, शिवायला डावा, असं वाटून घेतलंस दोन्ही हातांत. ज्या हातासाठी मार खाल्लास तो हात तू आम्हाला शिकवलास. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हणाले नाही. म्हणायला पाहिजे होतं असं आता वाटतं, पण तेव्हा तू लगेच पुढचं शर्ट अंगावर फेकायचीस.

आपलं भांडण व्हायचं ते दारावरून. तू तुझ्या पायरीवर, भर उन्हात, येणाऱ्या जाणाऱ्याच्या देखत शिवायचीस. आम्ही आत, दार लावून, खिडकी लोटून, दुपारी पुरुष माणसं बाहेर गेली की. बाहेर एवढा लख्ख उजेड आणि आम्ही अंधारात डोळे फोडत होतो. खाकीवर खाकी दोरा, त्यात आत्तीचे म्हातारे डोळे. ती काजं करत नसे, बटणं लावायची, तीही चाचपून. तू चिडायचीस. दार उघडा की, म्हणायचीस, चोरीचा माल हाय काय? आणि आम्ही मूग गिळून बसायचो.

मी का गप्प बसायचे ते तुला कधी नीट सांगितलं नाही. माझं माहेर निपाणीकडचं. तिथं तंबाखूच्या वखारी. सकाळी बायकांची रांग वखारीकडं जायची, संध्याकाळी परत यायची, आणि त्या गेल्या तरी रस्त्याला तंबाखूचा वास राहायचा. त्यांतल्या किती तरी ओळखीच्या होत्या, एक तर माझ्या मैत्रिणीची आई. पण रांग दिसली की माझी आई माझं तोंड हातानं दुसरीकडं वळवायची. तिकडं बगू नगं, म्हणायची. त्या बायकांनी काय वाईट केलं होतं हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाईनं मजुरीला बाहेर जाणं म्हणजे तोंड वळवायची गोष्ट, एवढं मात्र माझ्या मानेत बसलं. तू पायरीवर शिवत असताना मी गल्लीतून जाताना तुझ्याकडं बघत नसे, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? आलं असणार. तुझ्या नजरेतून काही सुटत नसे. मागल्या दारानं आले की मी तुझी सुभी, आणि गल्लीत भेटले की हवालदारांची सून. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

पावसाळा संपता संपता तू एक नवीनच टुमणं लावलंस. गोदामात बसून काम करायचं. रामाप्पाला तू सांगितलंस की मला आत जागा द्या, शिंप्यांच्या ओळीला नको, कोपऱ्यात बसेन. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला ते ऐकून राग आला. तू आत गेलीस तर इथं गाठोडं कुणाच्या नावावर येणार? मी तेच विचारलं, आणि बरंच वाकडं बोलले. आम्हाला वाऱ्यावर सोडून तुला साहेबांच्या गोदामात मिरवायचंय, असं काहीतरी. तू सुई कापडात खोचून ठेवलीस. तू शिवता शिवता थांबलीस की मला भीती वाटायची.

"आत बसलं म्हंजे, एक दिस न्हाय गेलं तर कुनीतरी इचारंल तरी, गंगा का आली न्हाय म्हनून," तू म्हणालीस. "हितं मला कोन इचारनार हाय?"

मी म्हणाले, आम्ही आहोत की.

तू माझ्याकडं बघितलंस, आणि मग मागल्या दाराकडं बघितलंस, आणि सुई परत काढलीस. भांडण तिथंच राहिलं. तुझ्या त्या बघण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला होता, पण कळला नाही असं मी दाखवलं. मला ते चांगलं जमतं.

मग तुझ्या अंगात कणकण सुरू झाली. तू भावाकडं गुंजीला जाते म्हणालीस, रानातली हवा, भावजय कढण करून घालेल. अर्धं झालेलं गाठोडं आणि खोलीची किल्ली माझ्याकडं दिलीस. रामाप्पा यायच्या आत पुरं करा, चार दिसांत येते, म्हणालीस. स्टेशनापर्यंत मी आले नाही. आत्ती म्हणाली होती, जा तिच्यासंगं, अंगात ताप हाय. पण भरदिवसा तुझं बोचकं हातात घेऊन तुझ्याबरोबर गल्लीतून चालायचं माझ्यानं झालं नाही. मी परड्यातूनच निरोप दिला. तू वळून बघितलंस की नाही ते मला माहीत नाही, कारण मी दार लावून घेतलं होतं.

बातमी घेऊन तुझ्या भावाच्या गावचा एक माणूस आला. बाजाराला आला होता, भावानं निरोप दिला म्हणून वाट वाकडी करून गल्लीत आला. तुझ्या दाराला कुलूप बघून तो परड्याच्या बाजूनं वळला आणि त्यानं आमच्या मागल्या दारावर थाप मारली. ताप डोक्यात गेला म्हणाला. सगळं उरकलं, भावानंच केलं. एवढं सांगून त्यानं पाणी मागितलं, ते प्यायला आणि बाजाराला गेला.

मी चुलीपुढं बसले. पारूवहिनी आली, बाकीच्याही आल्या. माझ्या घशातून आवाज निघणार तोच आत्तीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गप. एक हुंदका भाईर जाता कामा न्हाय. उद्या रामाप्पा येनार हाय."

आक्का, तिला दोष देऊ नकोस. मी तिला दोष देऊन बघितला, माझ्यावरचा काही कमी झाला नाही. ती जे बोलली ते आमच्या सगळ्यांच्या मनात आधीच येऊन बसलं होतं. तू गेलीस कळलं की गाठोडं परत जाणार. दुसरं नाव द्यायचं तर ते कुणाचं? त्या नावाच्या दाराशी रामाप्पा सायकल लावणार, भर गल्लीत, आणि त्या दारातला पुरुष विचारणार हा कोण. पारूवहिनी तुझ्या खोलीकडं तोंड करून नुसती डोळे पुसत राहिली. गल्लीत कुणाची लांबची चुलती वारली तरी आपल्या बायका गळा काढून रडतात. तुझ्यासाठी आम्ही दाताखाली पदर धरला आणि मग पाटावर बसून तुझं राहिलेलं गाठोडं पुरं करायला घेतलं. त्या दुपारी केलेली काजं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली काजं होती. म्हातारासुद्धा फसला असता, आणि फसलाच.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या खोलीचं कुलूप काढलं, पुढच्या दाराची एक फळी उघडून आत उभी राहिले. रामाप्पा आला. मी म्हणाले, आक्का भावाकडं गेल्याती. खोटं नव्हतं ते. एवढं निर्लज्ज खरं मी कधी बोलले नव्हते. त्यानं माल घेतला, नवा टाकला. पुढच्या आठवड्याला परत विचारलं, आल्या काय? मी म्हणाले, अजून ताप आहे. तेव्हा मात्र जीभ जड झाली, कारण ताप असायला माणूस लागतं. तो म्हणाला, जपून ऱ्हावा म्हनावं, घाईनं येऊ नका. आणि खिशातून कागदाची पुडी काढून त्यानं सुंठ दिली, कोणी गावाकडं जाणारा असेल तर पाठवा म्हणाला. ती सुंठ मी घेतली. नको म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता.

त्या रात्री मला तुझं बोलणं आठवलं. एक दिवस नाही गेलं तर कुणीतरी विचारेल. तुला विचारणारा निघाला, आणि त्याला उत्तर मी देत होते. तू मेलीस हे कुणाला कळू नये याची सगळी व्यवस्था आम्ही केली होती, तीही तू शिकवलेल्या हातानं. तुझ्या भावाच्या घरी सुतक होतं, आमच्या घरी रोजचा स्वयंपाक. आत्तीनं दहाव्या दिवशी न सांगता एक घास बाजूला काढून ठेवला, पण कुणासाठी म्हणून मामंजींनी विचारताच तो परत भातात मिसळला. हे मी पाहिलं. ती माझ्याकडं बघेना आणि मी तिच्याकडं बघेना.

आणि परवा तो परत आला. सकाळची वेळ, गल्ली जागी. मामंजी कट्ट्यावर. मी परड्यातून तुझ्या खोलीत शिरले आणि पुढचं दार उघडलं. रामाप्पा नेहमीपेक्षा खुशीत होता. सायकल भिंतीला टेकवता टेकवताच बोलायला लागला. त्याचं मराठी आधीच अर्धं कानडी, त्यात आनंद झालेला, पण मला एक एक शब्द कळला.

"गंगाबाईस्नी सांगा, येत्या सोमवारपासनं गोदामात बसायचं. खिडकीजवळ जागा दिलीया. म्हातारा सोता म्हनला, हिचा हात बगा कसा सारका पडतोय, नव्या बायका हिच्या हाताखाली द्या."

मी तयार मालाचं गाठोडं हातात घेऊन उभी होते. सांग, मी काय म्हणायला हवं होतं? ताप उतरला नाही म्हणता आलं असतं. आणखी एक आठवडा निघाला असता, मग आणखी एक, मग त्यानं ती जागा दुसऱ्या कुणाला दिली असती आणि तुला कळवायला मलाच सांगितलं असतं. मी तोंड उघडलं ते तसंच काहीतरी बोलायला. माझ्यावर विश्वास ठेव आक्का, खरं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण तू मागितलेली जागा तो तुला देत होता आणि ती घ्यायला तू नव्हतीस, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं ते माझ्यामुळं. 

"रामाप्पा, आक्का वारली."

कवा, म्हणून विचारलं त्यानं. तुम्ही मागल्याच्या मागलं गाठोडं आणलंत त्याच्या आधीच, मी सांगितलं. त्यानं माझ्या हातातलं गाठोडं घेऊन सोडलं, वरचं शर्ट काढलं, काजावरून अंगठा फिरवला. मग मागच्या खेपेचं त्याला आठवलं असावं. त्याच्या तोंडावर राग आला आणि तसाच विरला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मग ही काजं?"

"आमची," मी म्हणाले.

इतक्या दिवसांत हा शब्द आम्ही कुणी उच्चारला नव्हता. तो काही मोठ्यानं निघाला नाही, पण गल्ली अरुंद, आणि कट्ट्यावरची मिशी वळली ते मला दिसलं. मी मागं बघितलं, परड्याकडं पळावं म्हणून, आणि तिथं आत्ती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही माझं तोंड दाबणार. पण ती वळली, आमच्या घरात गेली, आणि थोड्या वेळानं आमच्या पुढच्या दारातून बाहेर आली. नवऱ्याच्या समोरून, डोक्यावर पदर घेऊन, ती तुझ्या पायरीपर्यंत चालत आली, पायरीवर बसली आणि तिनं गळा काढला.

"अगं माझ्या गंगे, कुनाला न सांगता कशी गेलीस गं..."

रडण्यातले शब्द ठरलेले असतात, तुला ठाऊक आहे. कोणीही गेलं तरी बायका तेच म्हणतात. पण त्या शब्दांशी येऊन आत्ती अडकली. कुणाला सांगितलं नव्हतं ते तू नव्हे, आम्ही. तिला पुढचं म्हणता येईना, आणि मग ती नुसतीच रडली, शब्दांवाचून, लहान पोरीसारखी. पारूवहिनी धावत आली, पुढच्या दारानं. तिच्यामागं बाकीच्या. मी खाली बसले आणि आत्तीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. रामाप्पानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

मामंजी कट्ट्यावरून उठून उभे राहिले. "कोन गेलं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. शिंप्याच्या विधवेसाठी त्यांची बायको गल्लीत बसून का रडते, हे त्यांना कसं कळणार?

आत्तीनं मान वर केली. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं त्यांना कधी तोंड वर करून उत्तर दिलं नव्हतं.

"जिच्या नावावर आपुन जेवत हुतो, ती."

मामंजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पायरीवर पडलेल्या खाकी शर्टांकडं. असली शर्टं त्यांनी किती वर्षं अंगात घातली. ती कुणी शिवली हे विचारायची त्यांना कधी गरज पडली नसेल. ते खाली बसले.

रामाप्पा जायला निघाला तेव्हा त्यानं जुना माल सायकलीला बांधला. मला वाटलं नवं गाठोडं परत नेणार. त्यानं ते पायरीच्या कडेला ठेवलं. सुतकात नाव विचारत नाही, म्हणाला, पुढल्या खेपेला सांगा कुणाचं लिहायचं. शब्द टाकणारा माणूसही शोधून ठेवा, नाहीतर मला जमणार नाही. गोदामातल्या त्या जागेचं तो काही बोलला नाही. खिडकीजवळ दुसरी कुणी बसेल.

आम्ही बराच वेळ रडलो, आक्का. राहिलेलं सगळं रडून घेतलं. मन हलकं झालं असं तुला सांगितलं असतं, पण आज खोटं बोलायचं नाही. रडता रडता माझी नजर त्या गाठोड्याकडं जात होती. ते उन्हात होतं, कुणाचं जनावर येऊन तोंड लावेल, कापड कमी भरलं तर काय, असलं सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं. तू मेलीस म्हणून मी रडत होते, आणि त्याच डोळ्यांनी राखणही करत होते. यातलं काय तुला जास्त लागलं असतं, मला सांगता येत नाही. तू असतीस तर बहुतेक म्हणाली असतीस, ते आधी सावलीत ठेव.

हळूहळू सगळ्या नाक पुसत उठल्या. चुली पेटवायच्या होत्या. आत्तीला पारूवहिनीनं हाताला धरून नेलं. पायरीवर मी आणि गाठोडं राहिलो. तुझ्या खोलीला मी कुलूप लावलं, पुढून. मग गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि परड्याकडं न वळता गल्लीतून चालत आमच्या पुढच्या दाराशी आले. कुणी कुणी दारांत उभ्या होत्या. मान वळवलेल्याही होत्या काही, त्या मला दिसल्या. मामंजी कट्ट्यावर पाय सोडून बसले होते, दारात जायची वाट अडवून. मी समोर उभी राहिले. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी पाय वर घेतले आणि मी आत गेले.